जुन्या भूमिगत इंधन टाक्यांजवळचं भूजल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल पंप बंद पडला, टाक्या उचलून नेल्या, वर फरसबंदीही झाली. तरी दर काही महिन्यांनी कोणीतरी येतं, जमिनीतलं एक गोल झाकण उघडतं, आत टेप सोडतं आणि लहान लहान बाटल्या भरून निघून जातं. शेजाऱ्यांना, जागा घेऊ पाहणाऱ्यांना आणि कधीकधी खुद्द मालकालाही हे कशासाठी चाललंय ते कोणी नीट सांगितलेलं नसतं. हाती येतो तो आकड्यांनी भरलेला रिपोर्ट. तो वाचताना पडणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

टाकीच काढली, तर आता पाणी कशाला तपासायचं?

कारण टाकी काढली म्हणून गळलेलं इंधन निघून जात नाही. जुन्या टाक्या बहुतेक साध्या पोलादाच्या असत. ओल्या मातीत त्या गंजत आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून वर्षानुवर्षं इंधन झिरपत राही. पण सगळा दोष टाकीचा नसतो. पाइपचे सांधे, डिस्पेन्सरखालची जोडणी, टँकर रिकामा करताना भरणतोंडाशी होणारी सांडलवंड, या जागाही तेवढ्याच बदनाम आहेत. म्हणूनच टाकीचा खड्डा स्वच्छ निघाला आणि पाइपलाइनखालची माती मात्र काळी-हिरवी, उग्र वासाची निघाली, असं पाहायला मिळतं.

गळलेलं इंधन खाली सरकतं. वाटेत त्यातलं बरंचसं मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत अडकून बसतं आणि उरलेलं भूजल पातळीपर्यंत पोचतं. अडकलेलं इंधन तिथून हलत नाही, पण वरून मुरणाऱ्या आणि खालून वाहणाऱ्या पाण्यात थोडं थोडं विरघळत राहतं. हा पुरवठा बारा-पंधरा वर्षं चालू राहिला तरी नवल नाही.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते अमेरिकेच्या आकड्यांवरून कळतं. तिथे १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८ मध्ये तपशीलवार नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी डिसेंबर १९९८ ची मुदत दिली गेली. तेव्हापासून तिथे गळतीची साडेपाच लाखांहून अधिक ठिकाणं नोंदली गेली आहेत.

पेट्रोल तर पाण्यावर तरंगतं. मग पाणी खराब कसं होतं?

तरंगतं हे खरं. पेट्रोलची घनता ०.७५ च्या आसपास, डिझेलची ०.८५ च्या आसपास, म्हणून दोन्ही भूजलाच्या माथ्यावर पसरतात. पण पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, ते शेकडो घटकांचं मिश्रण आहे, आणि त्यातले काही घटक पाण्यात चांगले विरघळतात. बेंझिन त्यातलं सर्वांत त्रासदायक. शुद्ध बेंझिन एका लिटर पाण्यात सुमारे १,८०० मिलिग्रॅम विरघळतं. पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास धरलं, तर त्या पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात लिटरमागे १८ मिलिग्रॅमपर्यंत बेंझिन उतरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. फरक १,८०० पटींचा!

दुसऱ्या बाजूने हिशेब करून पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये ७-८ ग्रॅम बेंझिन असतं. ते सगळं पाण्यात उतरलं, तर ७ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरेसं आहे. प्रत्यक्षात सगळं उतरत नाही. बरंच हवेत उडतं, बरंच जिवाणू संपवतात. तरी महिन्याला दोन-चार लिटरची गळती हिशेबाच्या वहीत दिसली नाही म्हणून क्षुल्लक मानू नये.

तपासणीत नेमकं काय शोधतात?

पेट्रोलची टाकी असेल, तर बेंझिन, टोल्यूइन, एथिलबेंझिन आणि झायलिन ही चौकडी ठरलेली. यांतल्या बेंझिनने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून त्याची मर्यादा सर्वांत कडक : जागतिक आरोग्य संघटनेची १०, अमेरिकेची ५, युरोपीय संघाची १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. टोल्यूइनला जागतिक आरोग्य संघटना ७००, एथिलबेंझिनला ३०० आणि झायलिनला ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत सूट देते. यांच्या जोडीला नॅप्थलीन आणि, ज्या काळात व ज्या देशात ते पेट्रोलमध्ये मिसळलं जाई तिथे, एमटीबीई हे ऑक्टेन वाढवणारं रसायन.

डिझेल किंवा केरोसीनच्या टाकीत बेंझिन फार नसतं. तिथे नॅप्थलीन आणि त्याच्या कुळातली बहुवलयी संयुगं बघतात, शिवाय एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे इंधनातल्या सगळ्या घटकांची एकत्र बेरीज. हा शेवटचा आकडा जरा जपून वाचावा. मातीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली सेंद्रिय द्रव्यं आणि इंधन कुजून तयार झालेले मधले पदार्थही त्यात मोजले जाऊ शकतात. प्रयोगशाळेने सिलिका जेलने नमुना स्वच्छ करून मोजलं की तसंच मोजलं, हे विचारल्याशिवाय दोन रिपोर्टांची तुलना करू नये.

एक यादी हमखास विसरली जाते. शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या काळातली टाकी असेल, तर त्यात शिशाचे अवशेष इंजिनात साचू नयेत म्हणून डायब्रोमोइथेन आणि डायक्लोरोइथेन घातलेलं असे. डायब्रोमोइथेनची अमेरिकेतली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तिथल्याच बेंझिनच्या मर्यादेच्या शंभरावा भाग. नेहमीच्या पद्धतीने तपासणी केली तर ते इतक्या खालच्या पातळीवर दिसतच नाही, त्यासाठी वेगळी चाचणी सांगावी लागते. टाकी किती जुनी हे माहीत नसेल, तर निदान एकदा ही चाचणी करून घ्यावी असं माझं मत आहे.

पाण्याला वास येत नाही. मग ते ठीक समजायचं का?

नाही. बेंझिनचा वास पाण्यात जाणवायला लिटरला १० मिलिग्रॅमच्या घरात प्रमाण लागतं, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. पेट्रोलसारखा जो वास आपल्याला येतो तो बहुधा एथिलबेंझिन, टोल्यूइन वगैरेंचा असतो, ते फार कमी प्रमाणातही नाकाला कळतात. त्यामुळे वास आला तर पाणी पिणं ताबडतोब थांबवा. पण वास आला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

निरीक्षण विहीर आणि साधी बोअर यांत फरक काय? माझ्याच बोअरचं पाणी तपासलं तर चालणार नाही का?

पिण्याच्या दृष्टीने स्वतःच्या बोअरचं पाणी जरूर तपासा. पण गळती कुठे आणि किती हे शोधायला ती उपयोगाची नाही. पाण्याची बोअर खोल असते आणि अनेक थरांतलं पाणी एकत्र ओढते, त्यात वरच्या थरातलं दूषित पाणी खालच्या चांगल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. शिवाय वरच्या भागात सलग केसिंग असल्याने भूजलाच्या माथ्यावर तरंगणारं इंधन तिच्यात शिरतच नाही.

निरीक्षण विहीर मुद्दाम उथळ असते. साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, आणि त्याचा चिरा पाडलेला भाग भूजल पातळीच्या वरखाली दोन्हीकडे येईल असा बसवलेला, म्हणजे पाणी चढो वा उतरो, माथा चिरांच्या आतच राहतो. पाइपचे तुकडे आट्यांनी जोडतात, सोल्युशनने चिकटवत नाहीत, कारण त्या सोल्युशनमधली द्रव्यंच पुढे नमुन्यात सापडतात. पाइपभोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइट या ओलाव्याने फुगणाऱ्या मातीचं बूच, त्यावर सिमेंटचं ग्राउट आणि वर कुलूप लागणारं झाकण. बेंटोनाइटचं बूच नीट बसलं नाही, तर रस्त्यावरचं तेलकट पाणी पाइपच्या कडेने सरळ खाली उतरतं आणि नसलेली गळती रिपोर्टात दिसू लागते.

किती विहिरी लागतात?

कमीत कमी तीन, आणि त्याही एका रेषेत नकोत. तीन ठिकाणची पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजली, की पाण्याचा उतार कोणत्या दिशेला आहे ते काढता येतं. जमिनीचा उतार बघून भूजलाची दिशा सांगणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याचदा त्यांचं बरोबरही येतं, पण शेजारी जोरात उपसा चालू असेल तर भूजल जमिनीच्या उताराविरुद्धही वाहतं.

दिशा कळली, की एक विहीर वरच्या अंगाला, म्हणजे टाकीकडे येणारं पाणी आधीच दूषित नाही ना हे बघायला. एक-दोन टाकीच्या जागी. बाकीच्या खालच्या अंगाला. शेवटची विहीर पहारेकऱ्यासारखी, पिण्याच्या विहिरीच्या बरीच अलीकडे. ती किती अलीकडे हवी याचा अंदाज वेगावरून येतो. समजा जमिनीची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, दिवसाला ५ मीटर आहे, पाण्याचा उतार हजार मीटरला ४ मीटर आणि मातीतली पोकळी २५ टक्के. मग पाणी दिवसाला ८ सेंटिमीटर सरकतं, वर्षाला सुमारे ३० मीटर. बेंझिन मातीला थोडंफार चिकटत जातं, म्हणून ते याहून जरा हळू जातं. एमटीबीई मात्र जवळपास पाण्याच्याच चालीने जातं.

हे सगळं वाळू-मातीचं गणित झालं. खडक असेल, तर पाणी भेगांमधून धावतं, आणि दहा फुटांवरची विहीर कोरडी-स्वच्छ तर शंभर फुटांवरचीत पेट्रोल, असं होऊ शकतं. खडकात तीन विहिरींवर काढलेल्या नकाशावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

नमुना घेताना ते लोक एवढा वेळ काय करत असतात?

नीट काम करणारा माणूस असेल तर वेळ लागतोच. तो सर्वांत स्वच्छ विहिरीपासून सुरुवात करतो आणि सर्वांत दूषित विहीर शेवटी घेतो, म्हणजे साधनांबरोबर घाण इकडून तिकडे जात नाही. आधी सगळी झाकणं उघडून पाण्याला स्थिर व्हायला वेळ देतो. मग टेप सोडतो. या टेपच्या टोकाशी असलेला इंटरफेस प्रोब तेलाला टेकला की एक आवाज देतो, पाण्याला टेकला की दुसरा. तेल कुठे सुरू झालं आणि पाणी कुठे, हे दोन्ही आकडे पाइपच्या काठावर कोरलेल्या खुणेपासून मिलिमीटरपर्यंत वहीत उतरवले जातात. खूण महत्त्वाची, कारण पाइपचा काठ तिरका कापलेला असेल तर एका बाजूने मोजलेलं आणि दुसऱ्या बाजूने मोजलेलं जुळत नाही.

विहिरीत साचून राहिलेलं पाणी जमिनीतल्या पाण्यासारखं नसतं, त्यातली उडणारी द्रव्यं उडून गेलेली असतात. म्हणून मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या मंद गतीने पंप चालवून ताजं पाणी येऊ देतात. दर काही मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा बघतात. लागोपाठ तीन वाचनं जवळजवळ सारखी आली, की आता येतंय ते जमिनीतलं पाणी असं मानून बाटली भरतात. बादली टाकावी तसा बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली नमुन्याची नळी, धपकन पाण्यात सोडला, तर पाणी ढवळतं, गाळ उठतो, बेंझिन उडतं आणि आकडा वाटेल तसा येतो.

बाटली म्हणजे ४० मिलिलिटरची काचेची व्हायल, आत आम्लाचे थेंब आधीच घातलेले. पाणी बाटलीच्या आतल्या भिंतीवरून हळूच सोडायचं, तोंडाशी पाण्याचा फुगवटा येईपर्यंत, पण उतू जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आम्ल वाहून जातं. टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण लावायचं, बाटली उलटी करायची, तळहातावर टिचकी मारायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. बुडबुडा दिसला तर बाटली बाद, कारण बेंझिन त्या बुडबुड्यातल्या हवेत जाऊन बसतं. मग बर्फात, ४ अंशांच्या आसपास, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी. आम्ल घातलेलं नसेल तर ७ दिवसांत. नमुना घेताना गाडी शेजारीच चालू ठेवणारे किंवा वाटेत पेट्रोल भरून त्याच हातमोज्यांनी काम करणारे महाभागही असतात. त्यांचा रिपोर्ट म्हणजे स्वतःच्याच गाडीचा रिपोर्ट.

याला आळा म्हणून ट्रिप ब्लँक असतो. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याने भरलेली बंद बाटली सगळ्या प्रवासात नमुन्यांबरोबर फिरते, न उघडता परत येते आणि तपासली जाते. तिच्यात बेंझिन निघालं, तर बाकीच्या आकड्यांकडे संशयाने बघायचं.

विहिरीत चाळीस सेंटिमीटर पेट्रोल निघालं. जमिनीतही तेवढाच थर आहे का?

सहसा नाही, कमी असतो. विहीर ही मोकळी जागा, भोवतीच्या मातीतलं इंधन तिच्यात उतरून साचतं. बारीक मातीत हा फरक कितीतरी पट असू शकतो. विहिरीतली जाडी गुणिले जागेचं क्षेत्रफळ करून ‘इतके हजार लिटर गळलं’ असं छातीठोक सांगणाऱ्याला पोकळ्यांचा हिशेब कसा केला ते विचारा.

अशा विहिरीतली पाण्याची पातळी दुरुस्त करूनच नकाशावर घ्यावी लागते. वरच्या इंधनाच्या भाराने विहिरीतलं पाणी खाली दबलेलं असतं. ४० सेंटिमीटर पेट्रोल, घनता ०.७५, म्हणजे खरी पातळी मोजलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर. ही दुरुस्ती राहून गेली, तर टाकीपाशी खोटा खड्डा दिसतो आणि भूजलाचे बाण सगळे टाकीकडेच वळतात. असा नकाशा पाहिला की मी पुढचं पान उलटायच्या आधी जाडीचा तक्ता शोधतो.

मागच्या वेळी बेंझिन लिटरला ९०० मायक्रोग्रॅम होतं, या वेळी ४०. सुधारणा झाली ना?

झाली असेल, किंवा फक्त पाणी चढलं असेल. या प्रश्नावर थोडं थांबावं लागेल, कारण सगळी फसगत इथेच होते.

भूजल पातळी वर्षभर स्थिर नसते. ती खाली गेली, की तरंगणारं इंधनही तिच्याबरोबर खाली जातं आणि जाताना मातीला लागत जातं. पुन्हा वर आली, की ते इंधन काही सगळं वर येत नाही, बरंचसं पाण्याखाली कोंडलं जातं. अशी दरवर्षी खालीवर होऊन इंधनाने माखलेला एक जाड थर तयार होतो, कधी दीड-दोन मीटरचासुद्धा. आता पाणी कुठे आहे यावर त्या दिवशीचा आकडा ठरतो. काही जागी पाणी चढल्यावर ते त्या माखलेल्या थरात घुसतं आणि बेंझिन वाढतं. काही जागी वरून मुरलेल्या ताज्या पाण्याने ते पातळ होऊन घटतं. विहिरीत तरंगणारा थर तर पाणी चढलं की नाहीसा होतो आणि पाणी उतरलं की पुन्हा हजर. पाणी चढलेलं असताना ‘तरंगतं इंधन आढळलं नाही’ असं लिहून प्रकरण मिटवलं आणि पुढच्या कोरड्या वर्षात पुन्हा वीस सेंटिमीटर सापडलं, हा या धंद्यातला सर्वांत जुना प्रकार आहे.

म्हणून बेंझिनच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिलेली असलीच पाहिजे. दोन्ही एकाच आलेखावर काढा. बेंझिन खाली येतंय आणि पातळी मात्र जागच्या जागी आहे, तर ती सुधारणा. दोन्ही जोडीने नाचत असतील, तर अजून काही ठरलेलं नाही. ९०० वरून ४० येण्याला आणखी साधी कारणंही असतात : पंपाऐवजी बेलर वापरला, प्रयोगशाळा बदलली, बाटलीत हवा राहिली. आधी ही तपासावीत, मग आनंद मानावा.

रिपोर्टात ‘आढळले नाही’ लिहिलंय. म्हणजे शून्य?

म्हणजे त्या यंत्राला, त्या दिवशी, अमुक मर्यादेच्या वर दिसलं नाही. ती मर्यादा शेजारच्या रकान्यात असते. ०.५ असेल तर उत्तम. ५० असेल, तर तुमच्या कामाचं काही कळलं नाही, कारण पिण्याच्या पाण्याची १० ची मर्यादा ओलांडली की नाही हे त्यातून दिसत नाही. नमुना फार दूषित असला की प्रयोगशाळा तो शंभरपट पातळ करून यंत्राला देते आणि त्याबरोबर ही मर्यादाही शंभरपट वर जाते. टोल्यूइन १५,००० आणि बेंझिन ‘आढळले नाही, मर्यादा १००’ अशी ओळ दिसली, तर बेंझिनसाठी कमी पातळ करून पुन्हा चाचणी मागा.

किती वेळा तपासायचं आणि किती वर्षं?

सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पाण्याची चढ-उतार पुरती दिसते. त्यानंतर चित्र स्थिर असेल तर सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा, पण दर वर्षी त्याच ऋतूत. कल वाढता की घटता हे ठरवायला मान-केंडॉल नावाची सांख्यिकी चाचणी वापरतात. ती चार आकड्यांवरही चालते, पण चार आकड्यांवर काढलेला निष्कर्ष लेचापेचाच असतो. आठ-दहा हवेत. किती वर्षं, याचं उत्तर जागा देते, पंचांग नाही.

जमीन हे आपोआप साफ करते असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच त्याचा गैरवापरही खूप होतो.

मातीतले जिवाणू बेंझिन खातात. त्यासाठी त्यांना आधी ऑक्सिजन लागतो. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. म्हणून चांगल्या रिपोर्टात बेंझिनबरोबर हेही मोजलेलं असतं. दूषित पट्ट्यात, म्हणजे विरघळलेलं इंधन पसरलंय त्या पाण्यात, ऑक्सिजन, नायट्रेट आणि सल्फेट कमी, विरघळलेलं लोह आणि मिथेन जास्त, असं दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत. कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्यांचा लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने अभ्यास केला, त्याचा अहवाल १९९५ मध्ये आला. बहुतेक ठिकाणी बेंझिनचा पट्टा ८० मीटरच्या आतबाहेरच थांबलेला दिसला. पट्टा वाढत नाही म्हणजे जेवढं विरघळतं तेवढं जिवाणू संपवतात.

पण मूळ इंधन संपायला किती काळ लागतो ते मिनेसोटातल्या बेमिडजीजवळ दिसतं. तिथे ऑगस्ट १९७९ मध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण १९८३ पासून तिथे मोजमाप करतंय. विरघळलेला पट्टा जिवाणूंनी बराच रोखून धरला, मात्र तेल चार दशकांनंतरही भूजलावर होतं.

आणि सगळेच घटक बेंझिनसारखे वागत नाहीत. एमटीबीई पाण्यात बेंझिनच्या पंचवीसपट तरी विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि सहजी कुजत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला एमटीबीईमुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास वेगळा : इथेनॉल स्वतः लवकर कुजतं, पण कुजताना जिवाणूंचा ऑक्सिजन खाऊन टाकतं, त्यामुळे बेंझिन मागे उरतं आणि त्याचा पट्टा लांबतो.

तेव्हा ‘नैसर्गिकरीत्या कमी होईल’ हा उपाय म्हणून मान्य, पण मोजत राहण्याच्या अटीवर. मोजमाप थांबवून तोच शब्द वापरला, तर ते नुसतं दुर्लक्ष.

शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं, आकडे खाली आले. आता यंत्र काढायला हरकत नाही ना?

बंद करा, काढू नका. पंप किंवा हवेचा झोत चालू असताना विहिरीभोवतीचं पाणी लवकर स्वच्छ दिसतं. यंत्र थांबलं, की चिकणमातीच्या थरांत दडलेलं बेंझिन हळूहळू बाहेर येतं आणि आकडे परत चढतात. यंत्र बंद ठेवून निदान वर्षभराची तपासणी व्हावी, त्यात पाण्याची एक पूर्ण चढ-उतार आली पाहिजे.

घर त्या जागेच्या शेजारीच आहे. हवेतून धोका आहे का?

पाण्यापेक्षा इथे निसर्ग जास्त मदत करतो. पेट्रोलची वाफ वर येताना मातीतल्या ऑक्सिजनमुळे थोड्याच अंतरात कुजते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार, नुसतं विरघळलेलं प्रदूषण असेल तर पाया आणि दूषित पाणी यांच्यामध्ये ६ फूट स्वच्छ माती सहसा पुरते, तरंगतं इंधन असेल तर १५ फूट. तळघर असेल, पाया ओल्या दूषित मातीलाच टेकत असेल, किंवा जुनी ड्रेनेजची पाइपलाइन मधून जात असेल, तर हा हिशेब लागू नाही. तळघरात पेट्रोलचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा.

पाणी उकळून प्यायलं तर? फिल्टर लावला तर?

उकळल्याने बेंझिन पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं, म्हणजे पिण्याऐवजी हुंगायचं. सक्रिय कार्बनचा फिल्टर बेंझिन चांगलं धरतो, पण कार्बन भरला की तो गुपचूप सोडू लागतो. दोन फिल्टर एकामागे एक लावून मधल्या नळाचं पाणी तपासत राहिलं तरच भरवसा. आणि एमटीबीईपुढे कार्बन लवकर थकतो.

नुसतं अंघोळीला वापरलं तर चालेल ना?

दूषित ठरलेलं असेल तर नाही. गरम पाण्यातून बंद न्हाणीघरात वाफ उठते आणि ती श्वासातून जाते, शिवाय थोडं कातडीतूनही.

जागा विकत घ्यायची आहे. ‘पाणी स्वच्छ’ असं एक पत्र दाखवतात. आणखी काय मागू?

पत्र बाजूला ठेवा आणि हे मागा : विहिरींचा नकाशा आणि प्रत्येक विहिरीची खोदाईची नोंद, म्हणजे चिरांचा भाग कोणत्या खोलीवर आहे ते कळेल, सगळ्या तारखांचा एकत्र तक्ता, ज्यात पाण्याची पातळी, तरंगत्या थराची जाडी आणि रसायनं शेजारी शेजारी असतील, प्रयोगशाळेचे मूळ रिपोर्ट, ब्लँकच्या निकालांसकट, टाक्या काढताना खड्ड्याच्या तळातून आणि पाइपखालून घेतलेल्या मातीच्या नमुन्यांचे निकाल. टाक्या किती होत्या आणि किती काढल्या, हेही जुळवून बघा. वापरलेल्या तेलाची लहानशी टाकी मागच्या कोपऱ्यात तशीच राहून गेलेली असते.

मग एक गोष्ट स्वतः बघा. आजवरची सर्वांत खालची पाण्याची पातळी शोधा आणि ती चिरांच्या भागात येते का ते पाहा. विहीर त्या वर्षी कोरडी पडली असेल आणि रिपोर्टात ‘नमुना घेता आला नाही’ एवढंच असेल, तर सगळ्यात महत्त्वाच्या वेळी कोणी बघितलेलंच नाही.

तपासणी संपली. त्या विहिरींचं काय करायचं?

त्या उघड्या ठेवायच्या नाहीत आणि नुसती माती टाकून बुजवायच्याही नाहीत. झाकण तुटलेली निरीक्षण विहीर म्हणजे रस्त्यावरचं तेल, ड्रेनेज आणि फवारणीची औषधं थेट भूजलात नेणारी नळी. शक्य असेल तर पाइप उपसून काढावा, नाहीतर तो आत ठेवून तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट-सिमेंटचं ग्राउट भरावं. ग्राउट नळीने तळाशी सोडत वर यायचं, वरून ओतायचं नाही, कारण वरून ओतलं की मध्येच अडकून खाली पोकळी राहते. विहीर कुठे होती, किती खोल होती आणि कधी बंद केली याची नोंद जागेच्या कागदपत्रांत लावून ठेवावी. पुढे तिथे पाया खोदणाऱ्याला ती लागेल.